होडीतून उतरलेले परके

१९७५ साली अमेरिकेत एक खेळ आला. त्यात तुम्ही राजपुत्र नसता की वीर नसता. एका छोट्या होडीतून जकाल्ला नावाच्या बंदरात उतरलेले परके असता. मुक्काम परदेशी लोकांच्या वस्तीत. इथले मानपान ठाऊक नाहीत, आणि भलत्या माणसाचा अपमान झाला तर थेट सूळ.

'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा रोल-प्लेइंग गेम. एकजण जग सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन बोलतात, नशीब फाशांवर. असा पहिला खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', त्याच टीएसआर कंपनीने आदल्याच वर्षी काढला होता. त्यात युरोपच्या कथांतले एल्फ आणि बुटके होते. या खेळातलं टेकुमेल मात्र भारत, इजिप्त आणि माया संस्कृतीच्या वळणाचं. आकाशात तारे नाहीत. लोखंड दुर्मीळ, म्हणून चिलखतं जनावराच्या कातड्याची. कुळ विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, हे तर आपल्याला सांगायलाच नको.

कर्ता एम. ए. आर. बार्कर. जन्म १९२९, मूळ नाव फिलिप. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आला आणि इथेच मुसलमान झाला. ओरेगॉनच्या क्लॅमथ आदिवासींच्या भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश त्याने केला. पुढे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवली, उर्दूचं पाठ्यपुस्तक लिहिलं. मी कनेरगाव नाक्याचा. आमच्याकडचे निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत, त्यामुळे हा प्राध्यापक मला उगाच जवळचा वाटला. टेकुमेलसाठी त्याने त्सोल्यानी ही अख्खी भाषा रचली. त्या जगावरच्या कादंबऱ्याही आल्या: 'द मॅन ऑफ गोल्ड' १९८४ मध्ये, 'फ्लेमसाँग' १९८५ मध्ये.

बार्कर २०१२ मध्ये वारला. २०२२ मध्ये टेकुमेल फाउंडेशननेच मान्य केलं, की १९९१ची 'सर्पेंट्स वॉक' ही टोपणनावाने निघालेली नाझीधार्जिणी, ज्यूद्वेष्टी कादंबरीही त्याचीच. ज्यूंचं हत्याकांड नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही त्याचं नाव होतं.

परक्याची भाषा शिकली की द्वेष गळून पडतो, असं आपण सहज बोलतो. बार्करला कितीतरी परक्यांच्या भाषा येत होत्या.

टेकुमेल अजून खेळलं जातं. ते जग वाईट आहे असं मी म्हणणार नाही. खेळणाऱ्यांनी त्यात आपलंही पुष्कळ घातलंय. पण नव्या भिडूला हे कधी सांगायचं? मी तरी आधीच सांगेन, होडी धक्क्याला लागायच्या आत. मग उतरायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.