विद्युदग्रांचें मार्जन

धुण्याच्या प्रत्येक कामांत दोन प्रश्न असतात. मळ निघाला कीं नाहीं, हा पहिला. आणि निघालेला मळ गेला कोठें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मिळतांच धुणारा बहुधा समाधान पावतो. परंतु ज्या गांवाचें पिण्याचें व शेतीचें पाणी एकाच जमिनीच्या पोटांतून येतें, त्या गांवास दुसरा प्रश्न टाळतां येत नाहीं. वसई तालुक्यांतील नंदाखाल हें असेंच गांव होय. विहिरी आणि बावखलें, म्हणजे पावसाचें पाणी सांठविणारीं गोड्या पाण्याचीं तळीं, ह्यांच्या आधारावर ह्या किनारपट्टींतील केळीच्या व भाजीपाल्याच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. अर्धवाहकांच्या कारखान्यांतील विद्युदग्रें कशीं धुतात, हा विषय अशा गांवापासून फार दूरचा वाटेल. परंतु त्याचा इतिहास चाळला असतां, नंदाखालच्या विहिरीवर जो प्रश्न उभा राहतो तोच तेथेंही उभा आहे, असें दिसून येतें.

प्रथम नांवांचा अर्थ पाहूं. ज्या टोकावाटे वीज एखाद्या पदार्थांत किंवा वायूंत शिरते अगर त्यांतून बाहेर पडते, त्यास विद्युदग्र म्हणतात. तांबें वीज सहज वाहून नेतें, कांच मुळींच नेत नाहीं. जर्मेनियम, सिलिकॉन इत्यादि पदार्थ ह्या दोहोंच्या मध्यें बसतात, म्हणून ते अर्धवाहक. ह्यांचा स्वभाव मोठा नाजूक. शुद्ध सिलिकॉनच्या दहा कोटी अणूंत योग्य जातीचा एक परका अणु मिसळला, तरी त्याची वाहकता कितीतरी पटींनीं वाढते. ह्याच गुणावर सारी इलेक्ट्रॉनिक विद्या उभारली आहे. आणि ह्याच गुणामुळें तेथें मळाचें भय सर्वांत अधिक आहे.

विद्युदग्र मळतें कसें आणि स्वच्छ होतें कसें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगांत प्रथम दिसल्या, हें विशेष आहे. इ. स. १८५२ मध्यें विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह ह्या इंग्लंडांतील शास्त्रज्ञानें विरळ वायूंत चांदीची चकचकीत तबकडी व तिच्यासमोर पोलादी सुई ठेवून विजेचा विसर्ग घडविला. तबकडी धन असतांना तिच्यावर डाग पडला. प्रवाहाची दिशा उलटवून ती ऋण करतांच तोच डाग निघून चांदी पुन्हा उजळली. वायूंतून वाहणारी वीज विद्युदग्रावर पूट चढवूं शकते आणि चढलेलें पूट उतरवूंही शकते, हें त्या छोट्या तबकडीनें दाखवून दिलें. ह्या दुधारी गुणाचा कारखान्यांत उपयोग होण्यास मात्र आणखी शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं अर्धवाहकाची घराघरांत ओळख झाली ती नभोवाणीमुळें. जगदीशचंद्र बोस ह्यांनीं गॅलेना ह्या शिशाच्या खनिजाचा विद्युल्लहरी ओळखण्यासाठीं उपयोग केला, आणि १९०४ सालीं त्यांना त्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरूं झालें, त्या काळांत स्फटिकाचे साधे ग्राहक प्रचारांत होते. त्यांत गॅलेनाच्या खड्यावर बारीक तारेचें टोंक टेंकवून ध्वनि पकडावयाचा असे. तें टोंक म्हणजे विद्युदग्रच. खड्यास बोट लागून तेलकटपणा चढला कीं आवाज क्षीण होई. मग तो खडा स्पिरिटनें पुसावा लागे, आणि पुन्हा हात न लावतां चिमट्यानें बसवावा लागे. पुसणें, वाळविणें आणि पुन्हा न शिवणें हे तीन नियम त्या साध्या यंत्रानें शिकविले. आजची कोट्यवधि रुपयांचीं साधनें ह्याच तीन नियमांचा विस्तार आहेत.

पुढील पाऊल पडलें तेंही एका धुण्यामुळेंच. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन हे जर्मेनियमच्या तुकड्यावर प्रयोग करीत होते. तुकड्यावर ऑक्साइडचा पातळ थर होता, व त्या थरावर सोन्याचा ठिपका विद्युदग्र म्हणून बसविला होता. थरामुळें सोनें व जर्मेनियम एकमेकांपासून अलग राहतील, असा त्यांचा समज. परंतु ब्रॅटननें आधीं तुकडा धुतला होता, आणि तो थर पाण्यांत विरघळणारा असल्यानें धुण्याबरोबरच निघून गेला होता. सोनें जर्मेनियमला थेट भिडलें, आणि अपेक्षेपेक्षां निराळाच परिणाम दिसला. त्या धाग्यावरून पुढें जाऊन त्यांनीं सोन्याच्या वर्खाचीं दोन टोंकें अगदीं जवळ जवळ टेंकविलीं, आणि ट्रान्झिस्टर जन्मास आला. पृष्ठभागावर काय आहे आणि काय नाहीं, ह्यावर सारें अवलंबून असतें, हें त्या दिवसापासून कोणासही विसरतां आलें नाहीं.

तेथून मार्जन हें शास्त्र झालें. १९६० च्या सुमारास विलिस व्हिटफील्ड ह्यानें निर्मळ खोलीची नवी योजना काढली. गाळलेली हवा एका संथ लोटासारखी खोलींतून सतत वाहती ठेवून धुळीचे कण तिच्याबरोबर बाहेर न्यावयाचे, ही ती युक्ति. १९६५ मध्यें आर. सी. ए. कंपनींत वेर्नर केर्न ह्यानें सिलिकॉनच्या चकत्या धुण्याचा जो क्रम बसविला, तो १९७० सालीं डेव्हिड पुओटिनेन ह्याच्या सहकार्यानें प्रसिद्ध झाला. पहिलें स्नान अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड व पाणी ह्यांचें. त्यानें सेंद्रिय मळ व कण सुटतात. दुसरें हायड्रोक्लोरिक अम्ल, पेरॉक्साइड व पाणी ह्यांचें. त्यानें धातूंचे अंश निघतात. प्रत्येक स्नानानंतर विपुल शुद्ध पाण्यानें विसळणें आलेंच.

चकत्या अशा रीतीनें स्वच्छ होऊं लागल्यावर दोष दिसूं लागला तो यंत्रांचा. १९७० नंतर चकतीवर बारीक नक्षी कोरण्यासाठीं द्रव अम्लाच्या जागीं प्लाझ्मा येऊं लागला. निर्वात केलेल्या कोठींत दोन सपाट विद्युदग्रें समोरासमोर ठेवावयाचीं, मध्यें कार्बन टेट्राफ्लोराइडसारखा वायु विरळ प्रमाणांत सोडावयाचा, आणि उच्च वारंवारतेची वीज लावावयाची. वायु फुटून त्यांतून फ्लोरिनचे अणू मोकळे होतात. ते सिलिकॉनशीं संयोग पावून त्याचा वायु बनवितात, आणि तो पंपानें ओढून काढला जातो. वरचें विद्युदग्र हें बहुधा सिलिकॉनचीच एक जाड तबकडी असतें. तिला झाऱ्याप्रमाणें शेंकडों बारीक छिद्रें असतात, आणि त्यांतून वायु समप्रमाणांत खालीं उतरतो.

ग्रोव्हची तबकडी येथें पुन्हा आठवते. हें विद्युदग्र स्वतः झिजतें, आणि त्याच्यावर पूटही चढतें. कार्बन व फ्लोरिन ह्यांचा चिकट थर छिद्रांच्या कडांवर बसतो. यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या भागांतून निघालेले फ्लोराइडचे कण त्याला चिकटतात. थर जाड झाला कीं त्याचे पापुद्रे सुटून खालच्या चकतीवर पडतात. केसाच्या हजाराव्या भागाहून लहान रेषा जेथें कोरावयाच्या, तेथें असा एक पापुद्रा म्हणजे रस्त्यावर पडलेला डोंगरच. शिवाय छिद्रें अरुंद झालीं म्हणजे वायूचा झोत असमान होतो, आणि नक्षी एका बाजूस खोल व दुसऱ्या बाजूस उथळ उतरते.

म्हणून विद्युदग्र ठराविक तासांच्या कामानंतर उतरवून धुतात, आणि त्यासाठीं खास साधनें लागतात. प्रथम येतें तें धरणीचें चौकट. विद्युदग्र कडेनें अशा रीतीनें धरावयाचें, कीं दोन्ही तोंडें मोकळीं राहावींत व हात कोठेंही लागूं नये. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसणें व भिजविणें. त्यानंतर श्राव्यातीत ध्वनीची टांकी. तिच्या तळाशीं बसविलेलीं कंपकें सेकंदास सुमारें चाळीस हजार वेळां थरारतात. त्यायोगें पाण्यांत असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात, आणि जेथें कुंचला पोहोंचत नाहीं त्या छिद्रांतील मळ उखडला जातो. हट्टी डागांसाठीं हायड्रोफ्लोरिक, नायट्रिक व ॲसेटिक ह्या अम्लांचें मिश्रण वापरतात. हायड्रोफ्लोरिक अम्ल कांच खातें, म्हणून ह्या टांक्या विशिष्ट प्लॅस्टिकच्या करितात. जरूर तेथें पृष्ठभाग हलकेच घासून सारखा करितात. अखेरीस अतिशुद्ध पाण्याचें विसळणें, नायट्रोजनच्या झोतानें वाळविणें, भट्टींत शेकणें, आणि निर्मळ खोलींतच दुहेरी पिशवींत बंद करणें. तो जुना गॅलेनाचा खडा आणि त्याचा चिमटा येथें ओळखूं येतात.

ह्या कामांत माणसाचा जीव गुंतलेला आहे, हें विसरतां कामा नये. सौम्य हायड्रोफ्लोरिक अम्ल त्वचेवर सांडलें तर आरंभीं वेदना फारशी जाणवत नाहीं. परंतु तें खोल शिरून शरीरांतील कॅल्शियम बांधून टाकतें, आणि मोठी दुखापत प्राणघातकही ठरते. म्हणून अशा टांकीजवळ मुबलक पाणी व कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप हाताशीं ठेवितात. ज्याच्या हातून विद्युदग्र उजळतें, त्याचा हात सुरक्षित राहणें ही त्या साधनाची पहिली परीक्षा होय.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. मळ गेला कोठें? ह्या उद्योगानें त्याचीं उत्तरें उशिरा शोधलीं. कॅलिफोर्नियांतील सान होझे शहरांत १९८१ सालीं असें उघडकीस आलें, कीं एका अर्धवाहक कारखान्याच्या जमिनींत पुरलेल्या टांकींतून मळ काढण्याचें द्रावक झिरपून शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींत उतरलें आहे. आंत हवेंतील कण मोजणाऱ्या त्या उद्योगाच्या पायाखालची जमीन विटाळली होती. पुसण्यासाठीं निरुपद्रवी म्हणून वापरांत असलेलें सीएफसी-११३ हें द्रव्य आकाशांतील ओझोनचा थर विरविणाऱ्या द्रव्यांपैकीं निघालें, आणि १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानें त्यावर बंधन आलें. यंत्र न उघडतां वायूनेंच कोठी व विद्युदग्रें स्वच्छ करण्याची सोय झाली. परंतु त्यासाठीं वापरण्यांत येणारा नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हा वायु तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षां शंभर वर्षांच्या मुदतींत हजारों पटींनीं अधिक उष्णता कोंडतो. मळ विद्युदग्रावरून पाण्यांत, पाण्यांतून जमिनींत, जमीन सोडून हवेंत गेला. नाहींसा झाला नाहीं.

उपाय नाहींत असें नव्हे. फ्लोराइडयुक्त सांडपाण्यांत चुना घातला म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा सांका खालीं बसतो व तो वेगळा काढतां येतो. विसळण्याचें पाणी गाळून पुन्हा वापरतां येतें. उरलेले वायु जाळून व धुवून मगच धुरांड्यांतून सोडतां येतात. ह्या गोष्टींस खर्च येतो, आणि तो तयार मालांत दिसत नाहीं. म्हणून कोणी विचारल्याशिवाय तो आनंदानें करणारे थोडे.

हा विचार भारतास आतां अधिक जवळचा झाला आहे. बंगलोर येथें भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनविण्यास आरंभ केला. मोहाली येथील सरकारी कारखाना १९८४ सालीं चालूं झाला, आणि १९८९ च्या आगींत त्याची मोठी हानि झाली. २००६ सालीं मुंबईंत पवई येथील आय. आय. टी. मध्यें, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या जोडीनें, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीचें केंद्र उभें राहिलें. फेब्रुवारी १९२४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, केंद्र सरकारनें गुजराथेंत धोलेरा येथें चकत्यांच्या मोठ्या कारखान्यास मंजुरी दिली.

अशा वेळीं नंदाखालचा अनुभव उपयोगीं पडावा. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या जमिनींतील पाण्याचा टँकरांनीं होणारा उपसा आणि बेसुमार बांधकाम ह्यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या नांवानें मोठें आंदोलन झालें. त्याचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मूळचे नंदाखालचे; पुढें २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्यें निवर्तले. समुद्रकांठीं गोडें पाणी उपसलें कीं त्या जागीं खारें पाणी शिरतें, आणि एकदां खारावलेली विहीर सहज गोडी होत नाहीं, हें ह्या भागांतील शेतकऱ्यास कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें. पाणी कोठून येतें आणि कोठें जातें, एवढेंच त्यानें पाहिलें होतें.

कारखान्याची शुद्धता मोजण्यास तेवढेंच पुरे आहे. परवानगीच्या कागदांत किती माल निघणार हें लिहिलेलें असतें. त्याच्या शेजारीं विसळलेलें पाणी कोणत्या नळानें निघून कोठें मिळणार, ह्याचा नकाशा जोडलेला आहे कीं नाहीं, हें गांवानें पाहावें.