तैलरंगांतील नदी : महाराष्ट्रातील वास्तववादी निसर्गचित्रणाचा मागोवा

नाकाडोंगरी परिसरातील बावनथडी पुढे वैनगंगेस मिळते. भाद्रपदात तांबूस गढूळ, माघात काचेसारखी नितळ आणि वैशाखात केवळ वाळूचा पट्टा, अशी या नदीची बदलती रूपे येथील प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. ती जशी दिसते तशीच रंगविण्याची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी नाही. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत पाणी दाखविताना चित्रकार टोपलीच्या विणीसारखी रेषांची नक्षी भरीत असत. ती पाण्याची खूण होती. अमुक घाटावरचे, अमुक वेळेचे पाणी दाखविणे हा तिचा हेतूच नव्हता.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य वास्तववादी चित्रणाचा प्रवेश झाला तो पुण्यास, आणि तोही नदीकाठी. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याचे निवासस्थान मुळा-मुठेच्या संगमावर होते. 1791 मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारात पोहोचला. शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली व गंगाराम तांबट यांच्यासारखा कुशल कलावंत तीतून पुढे आला. 1795 मध्ये वेल्स निवर्तला. पुढे 1857 मध्ये मुंबईत सर ज. जी. कलाशाळा स्थापन झाली आणि या शिक्षणास स्थैर्य लाभले.

तरीही आपल्या निसर्गचित्रकारांचा ओढा मुख्यतः जलरंगांकडेच राहिला. यास कारण आहे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्याप्रमाणे उडून जात नाही. तो हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो व त्यास दिवसच्या दिवस लागतात. नदीवरचा प्रकाश घटकाभरही थांबत नाही. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी शोधून काढली, तेव्हा कोठे तैलरंग झोळीत घालून घाटावर नेणे सुलभ झाले. त्यानंतरही अनेक चित्रकार घाटावर टिपण करीत व मोठे चित्र घरी पूर्ण करीत. पाण्यातील प्रतिबिंबाचे गणितही अवघड आहे. पांढरे देऊळ पाण्यात किंचित काळवंडते, तर काळी झाडी किंचित उजळते. ही गोष्ट डोळ्यांनीच शिकावी लागते.

या मार्गातील सर्वांत हृद्य नाव कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे होय. मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण घेऊन ते गावी परतले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांनी पंचगंगेचा घाट, रंकाळा, संध्यामठ ही स्थळे आयुष्यभर रंगविली. मुंबईच्या प्रदर्शनांतील कीर्तीचा त्यांना मोह नव्हता. 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले, तेव्हा शोकावेगात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात बुडविली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. ज्याने पाणी रंगविले त्याचीच चित्रे पाण्याने न्यावीत, हा विलक्षण दैवदुर्विलास म्हणावा लागेल. 1931 मध्ये आबालाल निवर्तले. त्यांची उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात. पंचगंगेचा त्या काळचा काठ कसा होता, हे सांगणारा तितका विश्वासू साक्षीदार क्वचितच आढळेल.

बावनथडीवर सीतेकसा येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेशाचे संयुक्त धरण झाले, वैनगंगेवर गोसीखुर्द झाले. दोन्ही नद्यांचे पूर्वीचे प्रवाह आता वृद्धांच्या स्मरणातच आहेत. नदीकाठच्या ओल्या मातीसाठी तैलचित्रकार ‘अंबर’ नावाचा तपकिरी रंग वापरतात. या रंगात लोहाबरोबर मँगनीज असते आणि मँगनीजमुळे तेल लवकर सुकते, म्हणून पहिला थर पुष्कळदा याच रंगाने दिला जातो. तेच मँगनीज नाकाडोंगरीजवळ डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघते.