काउंट व काउंटी

पश्चिम यूरोपातील एक सरदारकीचा किताब व त्यावरून नाव पडलेला प्रशासकीय विभाग. लॅटिन ‘कोमेस’ म्हणजे सोबती, या शब्दापासून काउंट शब्द बनला. रोमन सम्राटाच्या निकटवर्तीयांस तो लावीत. चौथ्या शतकात कॉन्स्टंटीनने त्यास अधिकृत पदाचे स्वरूप दिले.

फ्रँक राज्यात काउंट हा राजाने नेमलेला अधिकारी असून न्यायदान, करवसुली व सैन्यभरती ही कामे त्याच्याकडे असत. रोख वेतनाऐवजी त्यास जमिनीचे उत्पन्न व दंडाचा एकतृतीयांश हिस्सा मिळे. पुढील विघटनाचे बीज या पद्धतीतच होते. शार्लमेनने काउंटांवर देखरेखीसाठी फिरते राजप्रतिनिधी नेमले. तथापि त्याच्या वंशजांच्या कलहात हा अंकुश सैल झाला. इटलीच्या स्वारीवर निघताना ८७७ मध्ये चार्ल्स द बॉल्डने मृत काउंटाचे पद पुत्राकडे जाण्यास मान्यता दिली. तरतूद तात्पुरती होती, पण पद वंशपरंपरागत होण्याच्या प्रवृत्तीस तिने बळ दिले. दहाव्या शतकात फ्लँडर्स, आंझू येथील काउंट राजास जुमानीनासे झाले.

इंग्लंडमध्ये शायर हे विभाग १०६६ पूर्वीचेच. नॉर्मनांनी त्यांस काउंटी म्हटले. किताब मात्र ‘अर्ल’च राहिला. त्याच्या पत्नीस ‘काउंटेस’ म्हणतात, ही गंमतच. कारभार राजाच्या शेरिफकडे असल्याने चेस्टर, डरॅमसारखे अपवाद वगळता काउंटी कोणाची जहागीर बनली नाही. १८८८ च्या कायद्याने तेथे निर्वाचित परिषदा आल्या. वसाहतवाल्यांनी काउंटी अमेरिकेतही नेली. फ्रान्समध्ये १७९० साली जुने प्रांत मोडले गेले. फ्राँश-काँते या प्रदेशनामात तो शब्द उरला आहे.