कच्ची पट्टी आणि रोहतकचा छोटूराम

परवा बाजार समितीच्या आवारात ओळखीचा एक शेतकरी भेटला. कांदा विकून घरी निघाला होता. हातात वहीतून फाडलेला कागद, त्यावर हमाली, तोलाई वजा करून शेवटी एक रक्कम. शिक्का नाही, सही नाही. मी म्हटलं, "पक्की पट्टी कुठंय?" तर हसला आणि म्हणाला, "भाऊ, पक्की मागितली की पुढच्या खेपेला आपला माल शेवटी बोलीला लागतो."

तो कागद बघून मला पंजाबातला एक माणूस आठवला. सर छोटूराम. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या अशा कागदांसाठी त्याने आख्खी हयात घालवली, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

२४ नोव्हेंबर १८८१ चा जन्म. गाव गढी सांपला, जिल्हा रोहतक. आज हे गाव हरियाणात आहे, तेव्हा पंजाब प्रांतात होतं. घरात सगळ्यांत धाकटा म्हणून नाव पडलं छोटू, आणि तेच कायम राहिलं. जमीन थोडी, ती कोरडवाहू, आणि डोक्यावर कर्ज.

त्यांच्याबद्दल एक प्रसंग तिकडे घरोघर सांगतात. पुढच्या शिक्षणासाठी पैसे हवेत म्हणून बाप-लेक सावकाराकडे गेले. सावकाराने बापाला छताचा पंखा ओढायला सांगितलं. शेजारी सावकाराचा स्वतःचा तरणा मुलगा बसलेला. छोटूरामचं डोकं फिरलं. तुमचा मुलगा बसलाय आणि माझ्या म्हाताऱ्या बापाला पंखा ओढायला लावता, असं तो तोंडावर बोलला. बापाने मात्र मुकाट्याने दोरी हातात घेतली. कर्ज हवं होतं ना!

पोरगा शिकला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून पदवी घेतली, आग्र्याला वकिली शिकला आणि १९१२ च्या सुमारास रोहतकला वकिली सुरू केली. १९१६ मध्ये 'जाट गॅझेट' नावाचं उर्दू साप्ताहिक काढलं. म्हणजे हा माणूस आमच्याच धंद्यातला! रोहतक जिल्हा काँग्रेसचा तो अध्यक्षही होता. पण १९२० मध्ये असहकाराचा मार्ग पटला नाही म्हणून काँग्रेस सोडली. १९२३ मध्ये मियाँ फझल-ए-हुसेन यांच्यासोबत युनियनिस्ट पक्ष उभा केला. त्यात मुसलमान, हिंदू जाट, शीख असे सगळे शेतीवाले. पंजाबसारख्या प्रांतात त्या काळात धर्म बाजूला ठेवून पक्ष चालवणं सोपं नव्हतं.

आता मुद्द्याचं. छोटूरामने केलं काय?

त्या वेळी पंजाबच्या शेतकऱ्यांवरचं कर्ज ९० कोटींच्या घरात असल्याचा अंदाज माल्कम डार्लिंग या इंग्रज अधिकाऱ्याने मांडला होता. सगळा हिशोब सावकाराच्या वहीत. वही त्याची, लिपी त्याची, आकडाही त्याचाच. शेतकऱ्याचा फक्त अंगठा. छोटूरामने ही मेख ओळखली. भाषणात सावकाराला शिव्या घालून टाळ्या मिळतात, पण कोर्टात वही जिंकते. म्हणून त्याने कायद्यानेच वहीला हात घातला.

क्रमाने बघा. १९३० चा हिशोब नियमन कायदा: सावकाराने हिशोब नीट ठेवायचा आणि कर्जदाराला त्याचा उतारा द्यायचा. १९३४ चा कर्जनिवारण कायदा: तडजोडीसाठी मंडळं आणि दामदुप्पटचा नियम, म्हणजे मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त वसुली नाही. १९३७ मध्ये प्रांतिक सरकार आलं, सिकंदर हयात खान मुख्यमंत्री झाले आणि छोटूराम मंत्री. मग १९३८ मध्ये सावकार नोंदणी कायदा: परवाना नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावा कोर्टात टिकणार नाही. त्याच वर्षी गहाण जमीन परतीचा कायदा: ८ जून १९०१ च्या आधी गहाण पडलेली आणि अजून सुटली नसलेली जमीन अर्ज करून परत मागता येणार. सावकाराने त्या जमिनीतून मुद्दलाच्या दुप्पट खाल्लं असेल, तर एक पैसाही न देता.

आणि १९३९ चा बाजार कायदा. व्यापाऱ्याला परवाना, बाजारावर समिती आणि त्या समितीत शेतकऱ्यांचं बहुमत. वजनकाटा, कपात, दलाली यावर नियम. (त्याच १९३९ साली आपल्या मुंबई इलाख्यातही शेतमाल बाजाराचा कायदा झाला. वऱ्हाडात तर कापूस बाजाराचा कायदा १८९७ पासून होता.)

शेतकरी या कायद्यांना सोनेरी कायदे म्हणायचे, व्यापारी-सावकार म्हणायचे काळे कायदे. सभा झाल्या, निषेध झाले. माणूस हटला नाही.

इथं आपलं सुपे आठवतं. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारातून दख्खनचा उठाव पेटला, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. चार वर्षांनी इंग्रजांना डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ कायदा करावा लागला. आपल्या लोकांनी कागद जाळला. साठ वर्षांनी पंजाबात एका शेतकऱ्याच्या पोराने कागदावरचे नियमच बदलले.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्ट म्हणजे आरती होईल.

हे सगळं उभं होतं १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्यावर. त्यात शेतकरी कोण, हे जातीवरून ठरायचं. यादीत जात असेल तर तुम्ही शेतकरी. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबणारे दलित त्या यादीत नव्हते, त्यामुळे त्यांना जमीन घेणं जवळपास अशक्य होतं. युनियनिस्ट पक्षात बडे जमीनदार होते, म्हणून कुळांचा प्रश्न मागेच राहिला. पक्ष इंग्रजांच्या बाजूने राहिला, दोन्ही महायुद्धांत छोटूरामने सैन्यभरतीला मदत केली. १९३७ मध्ये 'सर' किताब मिळाला तो उगाच नाही. हे लपवून त्याला देव करण्यात अर्थ नाही.

पण शेवटच्या काळातलं एक धाडस मोठं होतं. १९४४ मध्ये जिनांनी पंजाबच्या सरकारवर मुस्लिम लीगचा शिक्का मारायचा जोर लावला. मुख्यमंत्री खिज्र हयात तिवाना यांनी नकार दिला आणि छोटूराम त्यांच्या पाठीशी ठाम उभा राहिला. शेतकऱ्याचं पोट हीच आपली एकी, धर्म मध्ये आणू नका, हे त्याचं म्हणणं. भाक्रा धरणासाठी बिलासपूर संस्थानाबरोबरची बोलणीही त्याने याच काळात मार्गी लावली. ९ जानेवारी १९४५ ला लाहोरमध्ये तो गेला.

वर्षभराने निवडणूक झाली. लीग सर्वांत मोठा पक्ष ठरली, युनियनिस्ट पक्ष पत्त्यासारखा कोसळला. पुढे फाळणीत पंजाबचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. वीस वर्षं एका बाकावर बसलेली माणसं सीमेच्या दोन बाजूंना गेली.

२०१८ मध्ये गढी सांपल्यात त्याचा ६४ फुटी पुतळा उभा राहिला. घडवला कुणी? धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी. म्हणजे आपल्या खानदेशच्या हातांनी. आता निवडणूक आली की सगळे पक्ष तिथे हार घालायला जातात. एवढा मोठा नेता, पण हल्ली त्याला एका जातीपुरता करून ठेवलाय. त्याच्या बरोबरीने बसणारे मुसलमान आणि शीख शेतकरी त्या फोटोतून गायब आहेत.

मला विचाराल तर त्याचं खरं स्मारक पुतळ्यात नाही, त्या कलमांत आहे. आपल्याकडेही २०१४ चा सावकारी कायदा आहे. विनापरवाना सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवायला जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. किती जणांना माहितीय? बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत. निवडून आल्यावर कट्ट्यावर येऊन किती जण वजनकाटा बघतात?

कायदा पुस्तकात असतो तोवर तो व्यापाऱ्याचाही नसतो आणि शेतकऱ्याचाही नसतो. जो मागतो त्याचा होतो. छोटूरामच्या बापाने पंखा ओढला, कारण मागायला हातात काहीच नव्हतं. आपल्या हातात आहे.

त्या कांदेवाल्या भावाला मी एवढंच म्हटलं, की पुढच्या खेपेला पक्की पट्टी मागायची. एकट्याने नको, दहा जणांनी मिळून मागा. दहा जणांचा माल शेवटी लावायचा म्हटलं तर पहिला कुणाचा लावणार?

तुमच्या बाजारात पक्की पट्टी मिळते का? खाली कमेंटमध्ये लिहा. बाजाराचं नाव लिहा, आडत्याचं नको.