बिघडत्या हवामानात ग्लायडर शेतात उतरवताना

मयूर विहार (दिल्ली) : मे-जूनमध्ये दिल्लीवर आंधी चालून येते, तेव्हा यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहारमध्ये काही मिनिटांत आकाश पिवळे पडते आणि वाऱ्याची दिशा बदलते. येथून सफदरजंग विमानतळ सरळ रेषेत सुमारे नऊ किलोमीटरवर आहे. तेथून एकेकाळी ग्लायडर उडत असत. नागरी विमान वाहतूक विभागाच्या दिल्लीतील तांत्रिक केंद्राने ‘अश्विनी’ (1958), ‘रोहिणी’ (1961) आणि पुढे ‘कार्तिक’, ‘मृगशीर’ हे ग्लायडर घडवले. नावे अर्थातच नक्षत्रमालेतून घेतलेली.

इंजिन नसलेल्या विमानाला नऊ किलोमीटर जवळ की दूर, हे हवा ठरवते. शांत हवेत एक मीटर उंची गमावून 20 मीटर पुढे जाणारा ग्लायडर हजार मीटरवरून 20 किलोमीटर कापतो. त्याचा वेग ताशी 80 किलोमीटर धरला, समोरून ताशी 40 किलोमीटरचा वारा आला आणि भोवतालची हवा सेकंदाला दोन मीटर खाली जाऊ लागली, तर त्याच वेगाने जेमतेम साडेतीन किलोमीटर अंतर कापले जाते. वैमानिक अशा वेळी वेग वाढवतो, त्याने थोडा फरक पडतो. पण दिसत असलेली धावपट्टी हाताबाहेर गेलेली असू शकते.

त्यामुळे धावपट्टीबाहेर उतरणे हा अपघात नव्हे, तर वेळेवर घ्यावयाचा निर्णय मानला जातो. साधारणतः 600 मीटरवर मोकळा परिसर, 450 मीटरवर नेमके शेत आणि 300 मीटरपर्यंत उतरण्याचा मार्ग निश्चित करावा, असे शिकवले जाते. वादळात मात्र हे आकडे अपुरे पडतात. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरून ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. निवडलेल्या शेतावरचा समोरचा वारा क्षणात पाठीमागचा होतो. म्हणून वादळ गाठण्याआधी, उंची शिल्लक असतानाच उतरणे श्रेयस्कर.

उत्तर भारतात आंधीच्या हंगामात गव्हाची कापणी झालेली असते, हे सुदैव. धसकटांचे सपाट रान चांगले. उभा ऊस, चिखलणी केलेले भातखाचर आणि उंच बांध धोक्याचे. वरून सर्वांत उशिरा दिसतात त्या विजेच्या तारा. म्हणून खांबांची रांग शोधावी लागते.

मयूर विहारलगतचा यमुना खादर नकाशावर मोकळा दिसतो. प्रत्यक्षात तेथे भाजीपाल्याचे वाफे, झोपड्या, उच्चदाब वाहिन्या, मेट्रोचे पूल आणि रस्ते आहेत. पावसाळ्यात तोही राहत नाही : जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी 205.33 मीटरची धोक्याची रेषा ओलांडून 208.66 मीटरवर गेली आणि खादरमधील कुटुंबे रस्त्यालगत तंबूंत आली. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राभोवतीही आता शेतांऐवजी वस्ती आहे.

उतरल्यावरही काम संपत नाही. हलका ग्लायडर वाऱ्याने उलटू शकतो; वाऱ्याकडील पंख खाली दाबून धरावा लागतो, एअरब्रेक उघडे ठेवावे लागतात. त्यानंतर ग्लायडर बांधून ठेवायचा आणि शेतमालकाला शोधायचे. पिकाचे नुकसान झाले असल्यास भरपाईचे बोलणे तिथेच होते.