नाण्यांची प्रतवारी व हमी

नाण्याची झीज, ठशाचा उठाव, पृष्ठभागावरील ओरखडे आणि मूळची झळाळी यांच्या परीक्षणावरून नाण्याचा दर्जा ठरविण्याच्या पद्धतीस प्रतवारी म्हणतात. व्यावसायिक प्रतवारीत त्रयस्थ संस्था शुल्क आकारून नाणे तपासते, ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद करते, पेटीतील चिठ्ठीवर त्याचे वर्णन व दर्जा नोंदविते आणि आपल्या निर्णयाची हमी देते. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. भारतातील सराफ व पोतदार नाण्याचा कस व वजन पाहून बट्टा ठरवीत. त्यांची पारख धातूच्या मूल्याशी निगडित होती. संग्राहकांच्या बाजारात मात्र सारख्याच वजनाच्या व कसाच्या दोन नाण्यांच्या किंमतींत केवळ दर्जामुळे अनेक पटींचा फरक पडू शकतो. त्यामुळे दर्जा कोणी ठरवावा आणि तो चुकल्यास नुकसान कोणी सोसावे, हे या व्यवहारातील मूलभूत प्रश्न होत.

प्रारंभी ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘न वापरलेले’ अशी ढोबळ विशेषणे रूढ होती व ती बहुधा विक्रेताच लावीत असे. विल्यम हर्बर्ट शेल्डन (१८९८–१९७७) या मानसशास्त्रज्ञाने अर्ली अमेरिकन सेंट्स (१९४९) या ग्रंथात १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी अंकश्रेणी मांडली. ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी, ही तिच्यामागील कल्पना होती. हे गणित बाजारभावाशी फार काळ जुळले नाही. अंकश्रेणी मात्र टिकली आणि पुढे इतर नाण्यांनाही लागू करण्यात आली. तिच्यात ६० ते ७० हे अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. शेल्डन यांच्या मृत्यूनंतर असे उघडकीस आले, की त्यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील अनेक उत्तम सेंट नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी कमी दर्जाची नाणी ठेवली होती. नोंद आणि नाणे एकमेकांशी बांधलेले नसतील, तर अचूक नोंदही निरुपयोगी ठरते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या १८९१ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने १९७२ मध्ये नाण्यांचा अस्सलपणा प्रमाणित करणारी सेवा सुरू केली. १९७९ पासून ही सेवा छायाचित्रयुक्त प्रमाणपत्रावर दर्जाही नोंदवू लागली. परंतु प्रमाणपत्र वेगळे व नाणे वेगळे राहत असल्याने दोहोंची फारकत होण्याचा धोका कायम होता. १९८० नंतरच्या दशकात दर्जाचे निकष कडक होत गेले आणि पूर्वी वरच्या दर्जाची म्हणून विकलेली अनेक नाणी खालच्या दर्जाची ठरू लागली. या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियातील प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस या संस्थेने १९८६ मध्ये कार्यास प्रारंभ केला. एकाहून अधिक परीक्षकांचे स्वतंत्र मत, मोहोरबंद पेटी आणि आर्थिक हमी ही तिच्या पद्धतीची तीन अंगे होत. १९८७ मध्ये न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन ही प्रतिस्पर्धी संस्था स्थापन झाली.

हमीचा आशय थोडक्यात असा : पेटीतील नाणे बनावट निघाले किंवा पुनर्तपासणीत त्याचा दर्जा चिठ्ठीवरील दर्जाहून कमी ठरला, तर संस्था ते नाणे बाजारभावाने विकत घेते अथवा किंमतींतील फरक भरून देते. मात्र चिठ्ठीतील सर्वच चुका हमीखाली येत नाहीत. उदा., १८९३ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को टाकसाळीने केवळ १,००,००० डॉलर नाणी पाडली. ‘एस’ हे टाकसाळचिन्ह असलेले ते नाणे फार मोलाचे आहे. त्याच वर्षाच्या, चिन्ह नसलेल्या साध्या डॉलरच्या चिठ्ठीवर चुकून ‘एस’ छापले गेले, तर तो लेखनप्रमाद ठरतो. नाणे पाहणाऱ्या कोणासही तो दिसू शकतो. म्हणून संस्था चिठ्ठी दुरुस्त करून देते, पण भरपाई देत नाही. याउलट साध्या नाण्यावर कोणी ‘एस’ हे अक्षर कौशल्याने चिकटविले व परीक्षकांना ते ओळखता आले नाही, तर ती मताची चूक होय आणि तिची भरपाई संस्थेने करावयाची असते. या दोहोंमधील सीमारेषा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. मुंबई टाकसाळीने ब्रिटिश अमदानीतील काही नाण्यांची पुनर्टंकने विसाव्या शतकात केली. अशा नाण्याच्या चिठ्ठीवरून ‘पुनर्टंकित’ हा शब्द राहून गेल्यास तो लेखनप्रमाद मानावा की मताची चूक, हे सामान्य ग्राहकास ठरविता येत नाही.

हमीची खरी कसोटी लागल्याचे एक उदाहरण २००५ मधील आहे. न्यू ऑर्लीन्स टाकसाळीचे ‘ओ’ हे चिन्ह नेहमीपेक्षा लहान असलेले १८९६, १९०० व १९०२ या वर्षांचे मॉर्गन डॉलर संग्राहकांत दुर्मीळ उपप्रकार म्हणून मान्यता पावले होते व अस्सल म्हणून पेट्यांत बंदही झाले होते. तिन्ही वर्षांच्या नाण्यांच्या मागील बाजूस एकाच ठशाचे समान दोष असल्याचे बारकाईच्या अभ्यासातून आढळले. त्यावरून ती टाकसाळीबाहेर तयार झालेली जुनी बनावट नाणी असल्याचे निष्पन्न झाले. ती चांदीचीच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉलरमधील चांदीचे मोल दर्शनी किंमतीच्या निम्म्याच्या आसपास असल्याने असा बनाव फायद्याचा होता. प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिसने या नाण्यांची मान्यता काढून घेतली व हमीनुसार ती परत घेण्याची तयारी दर्शविली.

हमी खरेदीदाराचे रक्षण करते. अस्सल नाणे चुकीने बनावट ठरविले गेल्यास तिचा उपयोग होत नाही. १९१३ च्या लिबर्टी निकेल या पाच सेंटांच्या नाण्याचे केवळ पाच नमुने ज्ञात आहेत. जॉर्ज वॉल्टन या संग्राहकाचा १९६२ मध्ये मोटार अपघातात मृत्यू झाल्यानंतर त्यांच्याकडील नमुना, वर्षाचा अंक बदललेले बनावट नाणे समजून कुटुंबीयांकडे परत पाठविण्यात आला. तो सुमारे चार दशके घरातच पडून राहिला. २००३ मध्ये बॉल्टिमोर येथे अन्य चार नमुन्यांशी ताडून पाहता तो अस्सल ठरला आणि २०१३ मधील लिलावात त्यास ३१ लाख डॉलरपेक्षा अधिक किंमत आली.

प्रतवारी हे अखेर मानवी मत आहे. अधिक अंक मिळावा म्हणून पेटी फोडून तेच नाणे पुनःपुन्हा तपासणीस पाठविण्याची प्रथा रूढ आहे. त्यामुळे विशिष्ट दर्जाच्या नाण्यांच्या प्रकाशित संख्याही काही अंशी फुगतात. १९९० मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिसच्या वस्तुनिष्ठतेविषयीच्या जाहिरातींना आक्षेप घेतला व ते प्रकरण तडजोडीने मिटले. तांब्याच्या नाण्यांचा रंग काळानुसार पालटत असल्याने २०१० पासून या संस्थेने रंगाची हमी देणे थांबविले. पेटी फोडल्यास हमी संपुष्टात येते आणि बाजारभाव घसरल्याने होणारे नुकसान तिच्या कक्षेत येत नाही. २००८ पासून पेट्या व चिठ्ठ्यांच्याही बनावट प्रतिकृती बाजारात आढळू लागल्या. त्यामुळे चिठ्ठीवरील क्रमांक संस्थेच्या नोंदींशी ताडून पाहणे, तसेच वर्ष, टाकसाळचिन्ह व उपप्रकार यांचा मेळ प्रत्यक्ष नाण्याशी घालणे हे खरेदीदाराचे काम राहिले आहे.