ठाण्याला पाठवायचं का?

मुलुंडला वाढलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. वर्गात कुणी जरा विचित्र वागलं की ठरलेलं, "याला ठाण्याला पाठवा रे!" पुढच्याच स्टेशनला १९०१ सालचं मनोरुग्णालय, त्यामुळे आमच्यासाठी अख्खं शहरच शिवी झालं होतं. पीएचडीसाठी स्किझोफ्रेनियावर वाचायला लागले, तेव्हा या शब्दांकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

आधी कायदा बघू. १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टमध्ये रुग्ण म्हणजे 'लूनॅटिक'. लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. चंद्रामुळे वेड लागतं, ही जुनी समजूत त्या शब्दात बसलेली. १९८७ च्या कायद्याने तो शब्द घालवला आणि २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' आली. म्हणजे आजार हा माणसाचा एक भाग, अख्खा माणूस नव्हे.

आता आजाराचं नाव. जर्मन डॉक्टर क्रेपेलिन याला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हणत, म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश. पण प्रत्येक रुग्ण तसा खालावत नाही, हे स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी पाहिलं आणि १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मांडला. ग्रीकमध्ये स्किझो म्हणजे दुभंगणं, फ्रेन म्हणजे मन. विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी असलेला मेळ सुटतो, असं त्यांना म्हणायचं होतं. मराठीत त्याचं 'छिन्नमनस्कता' झालं. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते भलतंच: एका शरीरात दोन माणसं! सिनेमातलं हे चित्र या आजाराचं नाहीच.

नावाने खरंच फरक पडतो का? जपानमध्ये या आजाराच्या नावाचा अर्थ 'मन फुटण्याचा रोग' असा होता. रुग्णाला ते सांगायला डॉक्टरच कचरत. २००२ मध्ये नाव बदललं, 'मेळ बिघडण्याचा आजार' अशा अर्थाचं. निदान कळलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत गेलं. औषध तेच, शब्द नवा. पण स्वतःचा आजार माहीत असलेला माणूसच उपचारांबद्दल प्रश्न विचारू शकतो ना?

मराठीत नवं नाव येईल तेव्हा येईल. तोवर एवढंच करा: पुढच्या वेळी कुणी "ठाण्याला पाठवा" म्हणालं, तर हसू नका. तिथल्या ओपीडीत दाखवून लोक आपल्याच लोकलने घरी परततात. कदाचित तुमच्या शेजारच्या सीटवर बसून.